४० मेगावॅटची गोष्ट : वीज नेपाळची, दिवे बांगलादेशचे, तार आपली

पन्नास_हर्ट्झ (धागाकर्ता) | सोम, रात्री ९:१०

१५ नोव्हेंबर २०२४ ला एक गंमत झाली. नेपाळने बांगलादेशला वीज विकायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी बंदही केली. भांडण नाही, बिघाड नाही. करारातच लिहिलंय की वीज दर वर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढीच द्यायची. काठमांडूला सह्या झाल्या ३ ऑक्टोबरला, आणि बाकीचे सोपस्कार होईपर्यंत हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. मुहूर्त कशाला चुकवा, म्हणून एक दिवस ४० मेगावॅट सोडले. त्यानंतर पुन्हा सुरू झाली ती थेट २०२५ च्या जूनमध्ये.

बांगलादेशची कमाल मागणी १६ हजार मेगावॅटच्या वर जाते. तिथे ४० म्हणजे दर्यामें खसखस. पाच महिन्यांची मिळून साडेचौदा कोटी युनिटं, दर ६.४ अमेरिकन सेंट, म्हणजे ९० लाख डॉलरच्या आसपास धंदा. एवढ्याशा गोष्टीवर धागा का काढतोय? कारण दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या तारांवरून तिसऱ्या देशात गेली ती पहिल्यांदाच. करारावर सह्याही तिघांच्या आहेत : नेपाळचं विद्युत प्राधिकरण, बांगलादेशचं वीज मंडळ आणि आपल्या एनटीपीसीची व्यापार कंपनी.

माझी नोकरी लोड डिस्पॅचमधली, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवण्याची. तीस वर्षं समोरच्या पडद्यावर ग्रिडची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला पन्नास ठोके, म्हणजे ५० हर्ट्झ) ४९.९८, ५०.०१ बघण्यात गेली, त्यामुळे हे नाव घेतलंय. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो आणि बायको ऐकून घेत नाही, म्हणून तुमच्या डोक्याशी.

आता वाट बघा. नेपाळच्या तराईतलं ढल्केबर, तिथून ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन बिहारच्या मुझफ्फरपूरला. तिथे मीटर. पुढे आपल्या ग्रिडमधून पश्चिम बंगालच्या बहरामपूरला, आणि सीमेपलीकडे भेडामारा.

हंगामाचं कारण नद्या. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे. नदी वळवायची, बोगद्यातून खाली सोडायची, टर्बाइन फिरवायचं आणि पाणी परत नदीत. साठा असलाच तर काही तासांचा. पावसाळ्याचं पाणी हिवाळ्यासाठी राखून ठेवणारं नाव घेण्यासारखं जलाशय तिथे एकच, कुलेखानी. आपल्या कोयनेत पाणी अडवून संध्याकाळच्या मागणीला वापरता येतं, ती सोय त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. त्यामुळे आषाढ-श्रावणात विजेचा महापूर, पौष-माघात ठणठणाट. पावसाळ्यात ते आपल्याला विकतात आणि हिवाळ्यात आपल्याकडूनच घेतात. २०२३-२४ या त्यांच्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा विकलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा जास्त भरली, तीही थोडीशीच.

जानेवारी २००९ मध्ये मी काठमांडूला गेलो होतो. आदल्या ऑगस्टमध्ये नेपाळातल्या कुसहाला कोसी नदीचा बांध फुटला होता आणि भारतातून येणाऱ्या लाइनचे मनोरेही त्या पुरात गेले होते. दिवसाला सोळा तास भारनियमन! आपल्याकडेही तेव्हा भारनियमनाची ऐन बहर होती, पण थामेलच्या हॉटेलात रिसेप्शनवर चिकटवलेलं वेळापत्रक बघून मला महाराष्ट्रातलं ग्राहक असणं भाग्याचं वाटलं. २०२३ ला पुन्हा गेलो तर त्याच गल्लीत विजेवरच्या गाड्यांचं शोरूम.

मधल्या काळात ढल्केबर-मुझफ्फरपूर लाइन आली. फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाली, आधी १३२ केव्हीवर, मग २२०, मग ४००. त्याच वर्षी सप्टेंबरात कुलमान घिसिंग प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि तिहारपर्यंत (त्यांची दिवाळी) काठमांडूचं भारनियमन संपलं. तिकडे त्यांची जवळजवळ पूजा होते, आणि उद्योगांच्या चोवीस तास चालणाऱ्या खास फीडरना (वीजवाहिन्यांना) त्यांनी हात घातला याचं श्रेय त्यांना आहेच. पण माझं प्रामाणिक मत, निम्मं श्रेय त्या तारेला द्यायला हवं.

माझा मुद्दा असा. आपण धरून चालतो की वीज घेणारा मिंधा आणि देणारा सावकार. माझ्या मते देणाराही तितकाच अडकतो, कधीकधी जास्तच. कांदा चाळीत ठेवता येतो, वीज ठेवता येत नाही. पटत नसेल तर बोला.

तिरकस | सोम, रात्री ९:३२

पहिला! आता वाचतो.

मृण्मयी_ड | सोम, रात्री ९:५५

छान लिहिलंय काका. एक शंका. नेपाळ आपल्या ग्रिडला थेट जोडलाय, मग बांगलादेशच्या वेळी भेडामाराला वेगळं काय आहे? कुठेतरी 'बॅक टू बॅक' असं वाचलं होतं.

पन्नास_हर्ट्झ | सोम, रात्री १०:२०

मृण्मयीताई, खरी मेख तिथेच आहे.

नेपाळ आणि भूतान आपल्याशी एका ठेक्यात वाजतात. ढोलपथकात शंभर ढोल असले तरी टोल एकच, तसं आपल्या चंद्रपूरचं जनित्र आणि भूतानच्या 'ताला' प्रकल्पातलं जनित्र सेकंदाला पन्नास वेळा एकत्र ठेका धरतात. तामिळनाडूत मोठा संच ट्रिप झाला तर फ्रिक्वेन्सीची सुई काठमांडूतही हलते.

बांगलादेशचं पथक वेगळं. त्यांचा ठेका त्यांचा, आपला आपला. दोन्ही सरळ जोडले तर एकाची लडखड दुसऱ्याला भोवते. म्हणून भेडामाराला एका आवारात आपली एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतात आणि तिथल्या तिथे परत त्यांच्या ठेक्यातली एसी करतात. तुम्ही वाचलेलं 'बॅक टू बॅक' ते हेच. दोन विहिरी बोगद्याने जोडल्या नाहीत, मध्ये मोट लावली असं समजा. ठरवाल तेवढंच पाणी जाईल. ऑक्टोबर २०१३ ला ५०० मेगावॅटची मोट सुरू झाली, २०१८ ला आणखी ५०० ची.

सोलापुरी_चादर | सोम, रात्री १०:४१

काका, हे यंत्र बघायला भेडामाराला कशाला जाता? चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला हेच आहे, १००० मेगावॅटचं. दक्षिण भारताचं ग्रिड वेगळं होतं तेव्हा पश्चिम आणि दक्षिण अशाच मोटेने जोडले होते.

आणि दक्षिण शेवटी बाकी देशाच्या ठेक्यात आली ती ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनवरून. सोलापूरच्या माणसाला एवढा तरी अभिमान मिरवू द्या. चादर, शेंगाचटणी आणि राष्ट्रीय ग्रिड.

पन्नास_हर्ट्झ | सोम, रात्री १०:५०

:-) मिरवा, मिरवा. त्या रात्री आमच्याकडे कुणीही थर्टी फर्स्टला गेलं नव्हतं.

विदा_दे | मंगळ, सकाळी ७:१५

धागाकर्त्यांचा "देणाराही अडकतो" हा मुद्दा गोड आहे पण अर्धाच आहे. तिसरा पक्ष कोण? वाटेवरचा. सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीत नेपाळ आणि बांगलादेश यांच्यात पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. तरी ४० मेगावॅट मुझफ्फरपूर-बहरामपूर असा वळसा घालून जातात, कारण तार तिथे आहे आणि परवानगी दिल्लीची आहे. देणारा अडकतो, घेणारा अडकतो, नाकेवाला मजेत.

दुसरं. भारत नेपाळकडून सरसकट वीज घेत नाही. कुठल्या प्रकल्पाची घ्यायची ते एकेक करून मंजूर होतं. २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२१ ची कार्यपद्धती वाचा. सीमेला लागून असलेल्या, पण आपल्याशी वीज सहकार्याचा करार नसलेल्या देशाचा पैसा प्रकल्पात असेल तर ती वीज चालत नाही. नाव घेतलेलं नाही, पण शेजाऱ्यांची यादी करून बघा, उरतो कोण ते कळेल. प्रत्यक्षात चिनी ठेकेदाराने बांधलेले प्रकल्पही अडकून पडलेत. अप्पर तामाकोशी हा त्यांचा ४५६ मेगावॅटचा मोठा प्रकल्प, बहुतांश नेपाळी पैशातून उभा राहिलेला, पण बांधकामात चिनी कंपनी होती.

तिरकस | मंगळ, सकाळी ७:४०

इलेक्ट्रॉनचं मूळ गाव विचारणारा आपण जगातला पहिलाच देश असू.

बाणेरचा_बाब्या | मंगळ, सकाळी ८:०५

यात चूक काय? सीमेवर गलवान होत असताना त्यांच्या कंपन्यांचं भलं आपल्या वीजबिलातून का करायचं? आणि कुणी जबरदस्ती केलीय का नेपाळवर? जानेवारी २०२४ ला दहा वर्षांत १० हजार मेगावॅट घेण्याचा करार आपणच केलाय ना?

काठमांडूची_सून | मंगळ, दुपारी १:३०

खूप वर्षं वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन झाले. माहेर सातारा, सासर ललितपूर, लग्नाला एकोणीस वर्षं.

काका, तुम्ही चार दिवस बघितलं ते आम्ही आठ हिवाळे काढलं. आमचा "ग्रुप" कुठला आणि आज लाइट कधी, हे मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पहाटे दोन ते पाच वीज असली तर दोनला उठून मोटर लावायची, कपडे धुवायचे, इस्त्री करायची. सासूबाई म्हणायच्या, "बत्ती आयो!" की अख्खं घर भूत शिरल्यासारखं कामाला लागायचं. इन्व्हर्टर होता, पण तो चार्ज व्हायलाही वीज लागते ना.

बाब्या, जबरदस्तीचं म्हणाल तर २०१५ च्या नाकाबंदीत सीमेवरून गॅस येईना, तेव्हा इथे लोकांनी रांगा लावून इंडक्शन शेगड्या घेतल्या. घेतल्या खऱ्या, पण चालवायला वीज कुठे होती? शेवटी गच्चीवर लाकडं पेटवून भात शिजवला. दिल्लीचं म्हणणं की नाकाबंदी आम्ही केलीच नाही, तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन होतं. असेल. पण ज्याने तो हिवाळा काढला त्याला "एकाच शेजाऱ्यावर अवलंबून" या शब्दांचा अर्थ वेगळा समजावा लागत नाही. आणि हेही खरं की तो हिवाळा संपता संपता, फेब्रुवारी २०१६ मध्ये, भारतातूनच तार आली आणि आमचा अंधार गेला. त्यामुळे माझ्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. नवरा एका पक्षात, सासरे दुसऱ्या.

चिनी ठेकेदाराच्या अटीबद्दल इथे राग आहे. ठेकेदार निविदा भरून येतो, काम करतो, पैसे घेतो, जातो. धरण तर आमचंच राहतं.

आणि नद्यांवर कुणी भरवसा ठेवू नये. सप्टेंबर २०२४ अखेरच्या पुरात अप्पर तामाकोशी बंद पडला. पुढच्या ८ जुलैला रसुवागढीला भोटेकोशी आली, चीनकडे जाणारा मैत्रीपूल घेऊन गेली आणि १११ मेगावॅटच्या प्रकल्पाचं नुकसान करून गेली. ऐन विक्रीच्या हंगामात!

पन्नास_हर्ट्झ | मंगळ, दुपारी ३:००

सूनबाई, तुमच्या या प्रतिसादापुढे माझा लेख फिका आहे. लॉगिन राहा.

विदा_दे, नाक्याचा मुद्दा मान्य. लिहिताना मी तो हलक्या हाताने टाळला, सवयीने. पण नाकेवाला अगदीच मजेत नसतो. त्रिपुराचं उदाहरण घ्या. पालाटाणाचा ७२६ मेगावॅटचा गॅसवरचा प्रकल्प बांधायला अवजड यंत्रं हवी होती आणि ती आसामच्या डोंगररस्त्यांनी नेणं अशक्य होतं. बांगलादेशने आशुगंज बंदरातून वाट दिली. तिथे नाकेवाले ते होते. बदल्यात २०१६ पासून त्रिपुरातून कोमिल्लाला १०० मेगावॅट जाऊ लागली आणि त्याच दिवशी कॉक्स बाजारहून आगरतळ्याला इंटरनेटची तार सुरू झाली. वाट द्या, वीज घ्या, इंटरनेट द्या.

गोंयकार | मंगळ, दुपारी ३:२५

देशांचं सोडा. आमचं गोवा बघा, स्वतःची वीज जवळजवळ नाहीच. थोडी पश्चिमेकडून येते, थोडी दक्षिणेकडून. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी गोड बोलून राहावं लागतं. म्हादईचं पाणी सोडून. :)

अस्वस्थ_अभियंता | मंगळ, संध्या ६:१०

मोटेबद्दल एक दुरुस्ती नाही, पुस्ती. मोट लावली की लडखड इकडून तिकडे जात नाही हे बरोबर. पण मोटच तुटली तर? १ नोव्हेंबर २०१४. भेडामाराची जोडणी ट्रिप झाली. तेव्हा भारतातून साडेचारशे मेगावॅटच्या आसपास येत होती, म्हणजे त्या घटकेच्या त्यांच्या पुरवठ्याचा साधारण दहावा हिस्सा. तेवढं अचानक गेलं, फ्रिक्वेन्सी घसरली, भार वेळेत कापला गेला नाही, एकामागून एक संच बाहेर पडले आणि अख्खा देश अंधारात. भारताला काहीही झालं नाही.

म्हणून माझं मत धागाकर्त्यांच्या विरुद्ध आहे. एकाच ठिकाणाहून दहा टक्के घेणारा देश नेहमीच कच्चा. आपण काय शहाणे म्हणा, १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचं नावाजलेलं आयलंडिंग (ग्रिड कोसळलं तर शहर वेगळं काढून चालू ठेवण्याची सोय) कामाला आलं नाहीच.

विदा_दे | मंगळ, संध्या ६:४५

+१. आणि गोड्डा?

पन्नास_हर्ट्झ | मंगळ, रात्री ९:३०

गोड्डा येणार हे माहीत होतं. :) अभियंता, २०१४ चं उदाहरण चोख आहे. पण गोड्डा माझ्या बाजूने साक्ष देतं, बघा.

झारखंडातला १६०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प, अदानींचा. २०१७ ला बांगलादेशशी २५ वर्षांचा करार, २०२३ पासून वीज. प्रकल्प भारताच्या जमिनीवर, पण बांधला तेव्हा त्याची तार भारतीय ग्रिडला नव्हतीच. चारशे केव्हीची लाइन थेट सीमेपार. म्हणजे झारखंडात उभं राहून ते जनित्र बांगलादेशच्या ठेक्यात वाजतं. शेजारच्या गावात आपला ठेका, कुंपणाच्या आत त्यांचा!

मग ऑगस्ट २०२४ ला ढाक्यात सत्तांतर झालं. थकबाकी वाढत ८० कोटी डॉलरच्या घरात गेली, नोव्हेंबरात पुरवठा निम्म्यावर आला. करार महाग आहे अशी ओरड तिकडे आधीपासून होतीच. आता सांगा, अडकलं कोण? ढाक्याला एका झटक्यात एवढी वीज दुसरीकडून मिळणार नाही, हे खरं. पण विकणाऱ्याकडे तरी दुसरं गिऱ्हाईक कुठे होतं? तारच एका दाराला जोडलेली. सत्तांतरानंतर आठवड्याभरात आपल्या ऊर्जा मंत्रालयाने नियम बदलून अशा प्रकल्पांना देशातही वीज विकायची मुभा दिली. सावकार निर्धास्त असता तर इतकी घाई लागली असती का?

नेपाळचं तेच. तिथल्या प्राधिकरणाचे खाजगी प्रकल्पांशी बहुतेक करार 'वीज घ्या वा न घ्या, पैसे द्या' असे आहेत. पावसाळ्यात आपल्याकडून मंजुरी नाही आली, तर पाणी सांडव्यावरून जातं आणि बिल तरीही येतं.

ओस्लोवासी | बुध, पहाटे ३:५०

(इथे अजून रात्र आहे, झोप येत नाही.)

नेपाळकडे साठा नाही म्हणून तो अडकतो असं वर आलंय. नॉर्वेकडे साठाच साठा आहे. वीज जवळजवळ सगळी पाण्याची, डोंगरात प्रचंड जलाशय. डेन्मार्क, जर्मनी, इंग्लंडपर्यंत समुद्राखालून केबल टाकल्यात. इंग्लंडची ७२० किलोमीटर लांब, २०२१ ची. वारा वाहिला की त्यांची स्वस्त वीज आम्ही घ्यायची आणि पाणी राखायचं. वारा पडला की आम्ही विकायची. ऐकायला याहून सुंदर काही नाही.

डिसेंबर २०२४ ला जर्मनीत वारा पडला, ऊन नव्हतंच. भाव उसळले आणि केबलीतून ते भाव थेट दक्षिण नॉर्वेच्या स्वयंपाकघरात. उत्तरेकडे त्याच दिवशी वीज कवडीमोल, कारण मधल्या तारा अपुऱ्या. शेजारीण मला म्हणाली, पाणी आमचं, धरण आमच्या आजोबांनी बांधलेलं, आणि दर ठरवणार हॅम्बुर्गचा वारा? ३० जानेवारी २०२५ ला इथलं आघाडी सरकार युरोपीय संघाच्या ऊर्जा नियमांवरून फुटलं. वीज विकून देशाला पैसा मिळतो हे सगळ्यांना कळतं. पण पैसा तिजोरीत जातो आणि बिल घरी येतं.

म्हणून मी काकांशी सहमत आहे, फक्त शब्द बदलेन. वीज विकणारा अडकत नाही, वीज विकणाऱ्याच्या घरचा ग्राहक अडकतो.

अस्वस्थ_अभियंता | बुध, सकाळी ९:००

हे भारी आहे. नेपाळातही उद्या असं होईल का? हिवाळ्यात आपल्या एक्स्चेंजमधून (विजेच्या बाजारातून) चढ्या भावाने घ्यायची आणि पावसाळ्यात स्वस्तात विकायची?

पन्नास_हर्ट्झ | बुध, सकाळी ११:१५

आजही थोडंफार तसंच आहे. एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात, प्रत्येकाचा भाव वेगळा. दुपारी आपल्या राजस्थान-गुजरातचं सौर उत्पादन बाजारात ओतलं जातं आणि भाव पडतो. संध्याकाळी सात नंतर तोच भाव कधीकधी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. नेपाळची नदी मात्र दुपारी बारालाही तेवढीच वाहते. म्हणजे त्यांचा प्रतिस्पर्धी बांगलादेशचा गॅस नाही, राजस्थानातल्या भडल्याचं ऊन आहे. काही तास पाणी अडवणारे प्रकल्प असतील त्यांनाच संध्याकाळचा भाव मिळणार. दहा वर्षांत १० हजार मेगावॅट हा आकडा मी म्हणूनच जरा हातचा राखून वाचतो.

भूतानने हे आधी भोगलंय. १९८० च्या दशकातल्या चुखा (३३६ मेगावॅट) पासून आपल्या पैशाने प्रकल्प, आपल्यालाच विक्री. ताला १०२० चा, मांगदेछू ७२० चा. अनेक वर्षं हा नमुना म्हणून दाखवला जायचा. मग पुनात्सांगछू-१ आला, १२०० मेगावॅटचा. २०१३ ला धरणाच्या जागी उजवा डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं, व्याज मात्र रखडत नाही. आणि हिवाळ्यात भूतानच्या नद्याही आटतात, तेव्हा जलविद्युतसंपन्न भूतान आपल्याकडून वीज विकत घेतो.

तिरकस | बुध, सकाळी ११:३०

म्हणजे शेवटी सगळे एकमेकांकडून उसनं पीठ आणतात, फक्त वाटी परत देताना कुणाची मोठी यावर भांडण.

मृण्मयी_ड | बुध, दुपारी १२:४०

शेवटची बाळबोध शंका. सगळी वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते, तर ढाक्याला गेलेली ४० मेगावॅट नेपाळचीच कशावरून?

पन्नास_हर्ट्झ | बुध, दुपारी १:०५

ती नसतेच, ताई. वहीत असते. करारात नेपाळच्या त्रिशूली आणि चिलिमे या दोन प्रकल्पांची नावं आहेत. त्यांचं पाणी टर्बाइन फिरवतं, मुझफ्फरपूरच्या मीटरवर आकडा पडतो आणि तेवढ्यावर पैसे मिळतात. भेडामाराला मोटेने जे जातं ते बहुधा फराक्का किंवा कहलगावच्या कोळशाचं असेल, जवळ तेच आहे. नेपाळची वीज बिहारमधल्याच कुठल्यातरी पिठाच्या गिरणीत संपली असेल.

काठमांडूची_सून | बुध, दुपारी २:२०

हे मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, गिरणीवाल्याला विचार, पीठ कसं पडलं.